खंडेनवमीची राहिलेली नोंद

मंगळवार, १२ जानेवारी १९९९

शेजारची सुलभा संध्याकाळी पेढे घेऊन आली. तिच्या नवऱ्याच्या बोटाची भरपाई मंजूर झाली. मी तोंडभर हसले आणि आतून जळत राहिले. एकच कंपनी, एकच प्रेस मशीन, दोघांचंही उजव्या हाताचंच बोट गेलं. आमचा अर्ज मात्र परत आला, कारण अपघाताच्या रजिस्टरात यांची नोंदच नाही.

ती कुणी होऊ दिली नाही? मीच. खंडेनवमीला मशीनच्या पूजेसाठी आम्ही बायकामुलंही कंपनीत गेलो होतो. मशीन पुसून चालवून बघताना यांचं बोट चिरडलं. सुपरवायझरनं रजिस्टर उघडलं, तर पूजेचं ताट हातात धरून मी म्हणाले, "साहेब, आज नका लिहू. सणाच्या दिवशी मशीनच्या नावावर रक्त नको."

सुलभाच्या नवऱ्याचं बोट पुढच्या महिन्यात गेलं, एका साध्या बुधवारी. मला त्या बुधवारचाही हेवा वाटतो. काय हे मन झालंय माझं...

निघताना सुलभा म्हणाली, "वहिनी, पुन्हा अर्ज करा. आमचे हे तेव्हा तिथंच होते, साक्ष देतील. फक्त नोंद का राहिली ते सांगावं लागेल."

"मीच नको म्हणालो, असं सांगेन," हे पटकन बोलले.

मी सुलभाला दारापर्यंत सोडून आले. पेढा तसाच हातात.

उद्या पुन्हा अर्ज द्यायला यांच्याबरोबर मीही जाणार आहे. सांगेन, ताट माझ्या हातात होतं.