दुसरी पट्टी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कप, ढाली आणि पदकांवर नावे कोरण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकात न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. "आजोबा, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय," असे डॉक्टर म्हणाले होते, पण ते त्यांनी दाखल्यात घातले नाही, म्हणून मी इथे घालतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. करा म्हणून मागे लागणारे घरात कोणी नव्हते.

वकीलबाईंनी बजावले आहे, "काका, यात प्रवचन नको हं." प्रवचने करणारा आमच्या घराण्यात दुसरा आहे. तरी बक्षिसांबद्दल थोडे लिहिल्याशिवाय पुढची कलमे कोणाला उमजणार नाहीत, तेव्हा बाईंनी राग मानू नये.

कलम १. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. त्या मी माझ्या एकुलत्या एका पुतणीला देतो. ती शाळेत असल्यापासून मी तिला पाहिलेले नाही. भांडण तिच्या बापाचे आणि माझे, तिचा त्यात काही दोष नाही. माझ्या बायकोच्या मांडीवर ती झोपायची आणि उठवले की रडायची, एवढे मला आठवते. तिला हे आठवत नसणार. वरच्या खोलीचे दार अडते. ते जरासे उचलून ढकलावे, लाथ मारू नये.

कलम २. कोरण्या, पकडी, हातोड्या आणि कामाचे टेबल समोरच्या घड्याळजीला द्यावे. माझे भिंग त्याने कधीच उसने नेले आहे आणि ते आपलेच आहे असे आता त्याला मनापासून वाटते. ते मागून त्याचे मन मोडू नये.

कलम ३. बँकेतील ठेव सरकारी रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डाला द्यावी. तिच्यातून प्रत्येक खाटेजवळ एकेक चांगली पाठीची खुर्ची घ्यावी.

माझी बायको दर आठवड्याला त्या वॉर्डात जायची. ज्याला भेटायला कोणी येत नाही अशा रोग्याजवळ ती बसायची, म्हणजे खाटेच्या कडेवर टेकायची, कारण खुर्ची नसायची. फळे नाहीत की औषधे नाहीत, नुसत्या गप्पा मारायची. घरी आली की कंबर धरून बसायची. मागच्या महिन्यात छातीत दुखले म्हणून मीही त्याच वॉर्डात होतो. भेटायच्या वेळी शेजारच्या खाटेवर माणसे मावत नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचे सोंग घेतले. मला तिची फार आठवण आली. खुर्च्यांवर दात्याचे नाव घालू नये. घालायचेच म्हटले, तरी कोरणारा मेलेला असेल.

कलम ४. कपाटात बिस्किटाचा एक डबा आहे. तो वाजतो, म्हणून त्यात सोने आहे असे कोणी समजू नये. त्यात पितळेच्या पट्ट्या आहेत.

आमच्या धंद्याची रीत अशी: अंतिम सामना व्हायच्या आधी दोघांच्याही नावाची पट्टी कोरून ठेवायची. निकाल लागला की जिंकणाऱ्याची पट्टी मंचावरच दोन बारीक स्क्रूंनी कपाला बसवायची. दुसरी परत दुकानात येते आणि भंगारात जाते. मला ती टाकवली नाही. जिंकणाऱ्याचे नाव जेवढ्या मेहनतीने कोरले, तेवढ्याच मेहनतीने हेही कोरलेले असायचे.

आमच्या चर्चच्या मंडळीतही दरवर्षी सेवेचा करंडक देतात. कमिटी दोन नावे पाठवी, मी दोन्ही पट्ट्या फुकट कोरून देई आणि उपासनेनंतर आमचा पाळक त्यातली एक बसवी. पाळक म्हणजे माझा धाकटा भाऊ, कलम १ मधल्या पुतणीचा बाप. एका वर्षी दोनातले एक नाव माझ्या बायकोचे आले. त्या रात्री मी ती पट्टी इतकी चोळली की तिच्यात माझे तोंड दिसू लागले. तिला काही बोललो नाही. रविवारी भावाने दुसरी पट्टी बसवली, चर्चचे नवे छप्पर घालून देणाऱ्या ठेकेदाराची.

घरी येताना ती म्हणाली, "अहो, मीच भावजींना सांगितलं होतं, माझं नाव नको म्हणून. इथे टाळ्या घेतल्या की वर देवाकडे हात हलवत जावं लागेल." हे ती इतके सहज बोलली की मला पटले नाही. आपण न जेवता "माझं झालंय" म्हणायची, तेव्हाही तिचा आवाज असाच असायचा. मी तडक भावाकडे गेलो, पट्टी त्याच्या टेबलावर आपटली आणि म्हणालो, "ही कुठे बसवू ते सांग." तो म्हणाला, "दादा, वहिनीला विचार." त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. तिच्या अंत्यविधीला प्रार्थना त्यानेच म्हटली, पण तेव्हाही नाही.

तिची पट्टी, काडेपेटीतल्या दोन स्क्रूंसकट, माझ्या शवपेटीला आतल्या बाजूने बसवावी. बाहेरून दिसू नये. बाकीचा डबा माझ्या पायाशी ठेवावा. त्या लोकांना मंचावर कोणी बोलावले नाही, निदान सोबत तरी न्यावे.

कलम ५. (बाई, हे राहू द्या.) जन्मभर बक्षिसे हाताळल्यामुळे शास्त्रात बक्षिसाचा उल्लेख आला की माझे कान टवकारतात. प्रेषित पौल म्हणतो, शर्यतीतले लोक सुकून जाणाऱ्या मुकुटासाठी धावतात, आपण न सुकणाऱ्यासाठी धावावे. ठीक आहे. पण बायबलच्या अगदी शेवटच्या पुस्तकात स्वर्गातली वडील मंडळी आपापले मुकुट काढून देवाच्या सिंहासनापुढे ठेवतात. म्हणजे मिळालेले पुन्हा खालीच ठेवायचे. मग मिळते तरी काय, असे मी बायकोला एकदा विचारले.

तिने द्राक्षमळ्याची गोष्ट काढली. मालकाने पहाटे आलेल्या आणि दिवस मावळताना आलेल्या मजुरांना सारखीच मजुरी दिली, ती गोष्ट. माझा भाऊ त्या गोष्टीवर मालकाच्या उदारपणाचे प्रवचन देतो. ती म्हणाली, "मजुरीचं सोडा हो. ती माणसं दिवसभर चौकात उभी होती. का उभे आहात विचारलं, तर म्हणाली, आम्हाला कोणी बोलावलंच नाही. मग त्यानं बोलावलं. त्यांना जे मिळायचं ते तेव्हाच मिळालं."

तेव्हा मी हसण्यावारी नेले. ती गेल्यावर समजले. दुकान उघडायचे, बंद करायचे, जिना चढायचा, एका माणसाचा चहा टाकायचा. जिन्यावर पावले वाजली की हातातले काम थांबते. पावले आणखी वरच्या बिऱ्हाडाकडे जातात. मीही चौकातच उभा आहे.

कलम ६. माझ्या धाकट्या भावाला मी काहीही ठेवत नाही. भांडे नाही, पुस्तक नाही, छत्रीसुद्धा नाही. हे चुकून राहिलेले नाही, जाणूनबुजून केले आहे. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करायची नसते, असे वकीलबाई सांगतात. साक्षीदार दोन लागतात आणि मी सही करताना त्यांनी समोर असावे लागते. एक शेजारच्या दुकानातला शिंपी आहे. दुसरा म्हणून बाई आपला कारकून पाठवणार होत्या. मी नको म्हणालो.

भावाला निरोप धाडला आहे. माझ्याकडून काही घ्यायला तो आला नसता, मी त्याला ओळखतो. काही मिळणार नाही म्हटल्यावर कदाचित येईल. बायको त्या रविवारी खरे बोलली का, एवढेच मला विचारायचे आहे. उत्तर काहीही असो, मला पुरण्याचा विधी त्यानेच करावा. फक्त मला कोणता मुकुट मिळाला याचा अंदाज त्याने मंडळीला सांगू नये.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि ते मला मान्य आहे.

ठिकाण: दुकानावरची पुढची खोली
तारीख: सहीशेजारी
(मृत्युपत्र करणाऱ्याची सही, तारीख)

साक्षीदार पहिला: शेजारच्या दुकानातील शिंपी. यांनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीत आहेत. शर्टाची बटणे वरखाली लागली होती, ती मी सही करण्याआधी नीट लावली.
(सही)

साक्षीदार दुसरा: सही करणाऱ्याचा धाकटा भाऊ, पाळक. दादाने माझ्यासमोर सही केली. मला यात काही मिळत नाही, हे मी वाचले आणि ते योग्य आहे. त्याने विचारलेल्याचे उत्तर मला तोंडाने देता आले नाही, म्हणून लिहितो. वहिनी खोटे बोलली. तिने मला तसे काही सांगितले नव्हते. छप्पर अर्धे झाले होते, ठेकेदार रुसला असता, म्हणून तिची पट्टी मीच बाजूला ठेवली. उपासना संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "भावजी, तुम्ही दोघं तुटायला नकोत. मी ह्यांना सांगते, मीच नको म्हटलं म्हणून." मी तिला सांगू दिले. नंतर तिच्याच आड लपलो. हे वाचून दादाला दुसरा साक्षीदार घ्यायचा असल्यास माझी हरकत नाही.
(सही)

वरील मजकूर वाचला. दोन माणसांचा चहा टाकला आहे. साक्षीदार बदलायचा नाही.
(सही, तारीख)