अण्णांची खोली अजून ओली आहे

ती. ताई,

तुला साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेला शब्दशः घे. अंगणातला एक दगड हलवताना पाठीत उसण भरल्यापासून मी जमिनीवर पालथा पडून असतो आणि हे पत्रही तसंच पडून लिहितो आहे. अक्षर मुंग्या चालल्यासारखं आलं असेल तर लाल पेन हातात घेऊ नकोस. तू शाळेची मुख्याध्यापिका आहेस, माझी नाहीस, एवढं तरी मी पन्नाशी उलटल्यावर म्हणू शकतो असं मला वाटतं. चूक असल्यास कळव.) तुझा खोकला गेला का? दाजींचं घोरणं तसंच आहे की आता भिंतीपलीकडच्या लोकांनीही सवय करून घेतली? आणि अण्णांचे गुडघे कसे आहेत? गुडघ्यांची चौकशी शेवटी केली असली तरी हे सगळं पत्र त्या दोन गुडघ्यांसाठीच आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस, लिफ्ट नाही, आणि अण्णा जवळजवळ वर्षभर खाली उतरलेले नाहीत. म्हणून मी हे जुनं, बैठं, अंगण असलेलं घर घेतलं, की म्हाताऱ्या बापाने दार उघडलं की पाय थेट जमिनीवर पडावा. त्या वेळी तू दोन गोष्टी बोलली होतीस. एक, हे घर नीट करणं माझ्या हातून होणार नाही. दोन, ते नीट झालेलं तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय अण्णांना पाठवणार नाहीस. मी दुसरी अट मान्य केली आणि पहिली हसण्यावारी नेली. आता तू विचारतेस, काम कुठवर आलं? फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापुढे बोलू देत नाहीस, म्हणून लेखी उत्तर देतो. बसून वाच.

घर पाहावं बांधून, असं ज्याने म्हटलं त्याने जुनं घर विकत घेऊन पाहिलेलं नव्हतं. बांधताना निदान काय कुठे आहे ते आपल्याला माहीत असतं. इथे नळ सोडला की दिवा मिणमिणतो. दोन्हींचा काय संबंध, हे नळवाल्यालाही सांगता आलं नाही आणि वायरमनलाही. दोघे एकमेकांकडे बोट दाखवून निघून गेले, ते अजून आलेले नाहीत. पण तुला वाटतं तसा मी घाबरलो नाही. म्हटलं, सुरुवात अंगणापासून करावी, तिथे वायर नाही आणि नळही नाही. अंगण म्हणजे अर्थातच जुन्या मालकांनी तसं म्हटलं होतं म्हणून अंगण. कमरेएवढं गवत, त्यात एक फुटका हौद, एका पायाची खुर्ची, पत्र्याचे डबे, आणि मागच्या कुंपणाच्या भिंतीवर मनगटाएवढ्या जाडीची वेल. भिंत दिसतच नव्हती. माळ्याला बोलावलं तर तो वेलीकडे बघून म्हणाला की हिला हात लावू नका, फार तर छाटा. मला वाटलं, याला कामाचा कंटाळा. (ऑफिसात तीस वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाला दुसऱ्याचा आळस फार लवकर दिसतो.) मी कुऱ्हाड विकत आणली आणि वेल मुळापासून काढायला घेतली. शेवटचं मूळ सुटलं तेव्हा मी कमरेवर हात ठेवून जरा मागे सरकून उभा राहिलो, आपण केलेलं काम बघायला माणूस उभा राहतो तसा. आणि माझ्या डोळ्यांदेखत भिंत, काही घाई न करता, पलीकडे आडवी झाली. वेल भिंतीच्या आधाराने वाढली असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात बरीच वर्षं प्रकार उलटा चालला होता.

पलीकडे शिंपीणबाई राहतात. सुदैवाने त्या आत मशीनवर होत्या आणि भिंत पडली ती त्यांच्या नवऱ्याच्या स्कूटरवर. मी धावत गेलो, हात जोडले, काय वाटेल ते ऐकून घ्यायच्या तयारीने मान खाली घातली. तर बाईंनी स्कूटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला आत बोलावून चहा दिला. ती स्कूटर गेली कित्येक वर्षं बंद होती आणि ती भंगारात द्या म्हणून बाईंचा घसा कोरडा पडला होता. तेव्हापासून बाई आमच्यावर खूश आहेत आणि नवरा माझ्याशी बोलत नाही. दोन्ही घरांचं अंगण आता एकच झालं आहे. तुझी भावजय सकाळी केस विंचरायला बाहेर आली की समोर शिंपीणबाईंची गिऱ्हाईकं मापं द्यायला रांगेत उभी असतात. तिने केस विंचरायची जागा बदलली आणि मला काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ तुला ठाऊक आहे, लग्न तूच जमवलं होतंस.

भिंतीचं काम गवंड्याच्या गळ्यात टाकून मी घरात शिरलो. घरातल्या सगळ्या दारांना जुन्या रंगाचे थरावर थर चढलेले, एकही दार नीट लागत नव्हतं. खरवडून काढायला दार आडवं असलेलं बरं पडतं. मी एका रविवारी सगळी दारं बिजागरीपासून उतरवली आणि अंगणात ओळीने मांडली. दिवसभर खरवडली, घासली, पुसली. इतकी सुंदर निघाली म्हणून सांगू! संध्याकाळी ती परत बसवायला घेतली तेव्हा लक्षात आलं की कोणतं दार कुठलं, याची खूण मी कुठेही केलेली नाही. त्यात काय, असं तू म्हणशील. मीही तसंच म्हणालो होतो. पण जुन्या घरात, ताई, प्रत्येक चौकट आपापल्या बाजूला कललेली असते आणि प्रत्येक दार तिच्या कलाने तासलेलं असतं. मी आणि तुझी भावजय एकेक दार पालखीसारखं खांद्यावर घेऊन घरभर फिरलो, या चौकटीला लाव, त्या चौकटीला लाव, मुलगी घेऊन स्थळं बघत हिंडावं तसे. वर फट, नाहीतर खाली फट. जी बसली ती भलतीकडेच. सध्या स्वयंपाकघराला कपाटाचं दार आहे, त्यातून वाकून जावं लागतं. आणि न्हाणीघराला बाहेरच्या खोलीचं काचेचं दार बसलं आहे. त्यालाच तेवढं बसायचं होतं. त्यावर चादर टांगली आहे, पण वारा आला की चादर आपलं कर्तव्य विसरते, त्यामुळे आत असलेल्या माणसाने मोठ्याने गात राहायचं असा नियम केला आहे. तुझी भावजय गात नाही. ती आत गेल्यावर बाहेर पहाऱ्याला बसून मी गायचं असतं.

सुताराला बोलावलं. तो आला, खुर्चीवर बसला, आणि आधीच्या सुताराला नावं ठेवण्यात त्याने सकाळ घालवली. आधीचा सुतार केव्हाच वारला असणार, घरच साठ-सत्तर वर्षांचं आहे. तरी याचा राग ताजा होता. शेवटी म्हणाला, सगळी दारं नवी करा. मी विचार करतो म्हणालो. तो आपलं मोजपट्टीचं डबडं इथेच विसरून गेला, एवढाच त्याच्याकडून या घराला झालेला फायदा.

आता अण्णांची खोली. तिच्याबद्दल मी फार काळजीपूर्वक वागलो. त्यांना पाय उचलायला त्रास होतो म्हणून त्या खोलीचा उंबरठा काढून टाकला, अंगण आणि खोली एका पातळीवर यावीत म्हणून नवीन फरशी घातली. फरशी घालताना गवंड्याने मला विचारलं की साहेब, उतार कसा ठेवू? आपल्या घराण्यात "मला माहीत नाही" हे वाक्य कुणी बोललेलं नाही, हे तुला सांगायला नको. मी हनुवटी खाजवली, आकाशाकडे बघितलं आणि ठामपणे म्हणालो, नेहमीसारखा. गवंड्याचा नेहमीचा उतार कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं. काम छान झालं, मी फरशीवरून डोळे मिटून चालून बघितलं, कुठे ठेच नाही. मग तुझ्या भावजयीने अंगण धुवायला न्हाणीघरातल्या नळाला पाइप लावला. पाणी अंगणभर पसरलं, थोडं थांबलं आणि शिस्तीत वळून अण्णांच्या खोलीत आलं. वाटेत उंबरठा असता तर अडलं असतं. पाण्याबरोबर एक बेडूक आला, तो पलंगाच्या पायाशी बसून राहिला. या घरात विनासायास आत येऊ शकलेला तो पहिला प्राणी. भिंतीनेही पाणी ओढलं आणि नवा रंग पापडासारखा सुटून आला. तुझी भावजय दारात (म्हणजे जिथे दार असायला हवं होतं तिथे) उभी राहिली, आणि भिंत पडल्यापासून न बोललेलं सगळं तिने तिथे एकदम बोलून घेतलं. त्यातलं बहुतेक खरं होतं. उंटावरचा शहाणा हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द.

तर ताई, काम इथवर आलं आहे. तू म्हणाली होतीस तेच झालं. मला कळत नाही आणि कळत नाही हेही कळत नाही. अण्णांची खोली अजून ओली आहे. तेव्हा त्यांना इतक्यात पाठवायचा विचार करू नकोस. भिंत उभी राहू दे, दारं आपापल्या जागी जाऊ देत, फरशी उखडून पुन्हा होऊ दे. मग तू ये, बघ, आणि मग ठरव. दाजींना नमस्कार, आणि तुझ्या तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
सध्या पालथा

ता. क. बेडूक बाहेर सोडला. संध्याकाळी परत आला. तुझी भावजय म्हणते, यालाच तेवढं घर आवडलं.

ता. क. दुसरा. एक गोष्ट वर लिहायची राहिली, म्हणजे मी ती गाळली. वेल मुळापासून काढ, वेल भिंत खाते, माळ्याचं काही ऐकू नकोस, असं मला अण्णांनी सांगितलं होतं. दारांवर खुणा करू का म्हणून मी विचारलं होतं, तेव्हा "खुणा कसल्या, दार आपली चौकट ओळखतं" हेही तेच म्हणाले. उंबरठ्याचंही तसंच. तुला हे माहीत नाही, पण तू शाळेत गेलीस की ते रोज मला फोन करतात. मागचं सगळं वर्ष मी फोन केला की ते "बरं आहे" एवढंच म्हणायचे आणि फोन तुझ्या हातात द्यायचे. आता ते स्वतःहून फोन लावतात आणि ओरडतात. परवा मला गाढव म्हणाले. ताई, किती वर्षांनी गं! मी तिथेच गवंड्यासमोर डोळे पुसले. तो पाणी घेऊन धावत आला, त्याला वाटलं डोळ्यांत सिमेंट गेलं. त्यांचे सल्ले सगळेच्या सगळे चुकले हे मी त्यांना कळू दिलेलं नाही आणि तूही कळू देऊ नकोस. इथे येऊन बघतील तेव्हा हा सगळा माझा मूर्खपणा म्हणून मला झाडतील. ते झाडून घ्यायची सवय व्हावी म्हणूनच वर इतकं लांबलचक लिहिलं.

ता. क. तिसरा. म्हणजे ते यायला हवेत, आणि घर पूर्ण व्हायच्या आत यायला हवेत. पूर्ण झालेल्या घरात ते येऊन काय करतील? तुझ्याकडे बसतात तसे खिडकीत बसतील, फक्त खिडकी खालच्या मजल्यावरची असेल. तू काही कमी केलंस असं मी म्हणत नाही. तू इतकं केलंस की त्यांना करायला काही राहिलं नाही, आणि मीही नेमकं तेच करायला निघालो होतो. ओल्या खोलीत आम्ही दोघं झोपू, बाहेरची कोरडी त्यांना देऊ. ही तयार आहे, उलट तीच दोन दिवस पत्र लिही म्हणून माझ्या मागे लागली आहे. खुर्चीत बसवून त्यांना तीन मजले उतरवायला मी येतो. पाठीचं वर लिहिलं आहे ते जरा वाढवून लिहिलं.

ता. क. शेवटचा. त्यांच्या पलंगाखाली बघू नकोस. बघितलंस तर बॅग भरून ठेवलेली दिसेल. काल फोनवर त्यांनीच सांगितलं आणि लगेच म्हणाले, ताईला बोलू नकोस, तिला वाटेल मी इथे सुखात नव्हतो. पत्र मिळेल त्या संध्याकाळी शाळेतून आलीस की बॅगेचा विषय न काढता आपलं सहज म्हण, अण्णा, त्या गाढवाकडे जाऊन जरा बघून या. तू म्हटल्याशिवाय ते निघणार नाहीत.