सगळ्यांनी आत जायचं

रविवार, १२ मे २०१९

परवा पुन्हा भांडलो. शनिवारी शब्बाथ, लिहायचं नाही, म्हणून आज.

शैलजामावशींकडे सगळे जेवत होते. प्रसन्न रोहेकर इथे टोकियोत, तोयोसुला मोठ्या कंपनीत आहे, त्यामुळे त्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मला म्हणाला, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलंस, आता जन्मभर कोंबिनीच्या दुकानात लोकांचे डबे गरम करणार का? ताट ढकलून उठलो. विभा समोरच होती. तिने मान खाली घातली. तिला माझी लाज वाटली की वाईट वाटलं, कळलं नाही. दोन दिवस डोक्यात तेवढंच.

मंगळवार, १४ मे

सुचलं!

निशी-कसाईत आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंची, नऊ घरं. दर शुक्रवारी मावशींकडे जमतो. शब्बाथचे दिवे लावायच्या आधी एकेकाने आतल्या खोलीत जायचं, दार लोटायचं, त्सेदाकाच्या पेटीत दान टाकायचं, बाहेर यायचं. मग पुढचा. २०११च्या भूकंपापासून हे असंच. अर्धा-पाऊण तास जातो. जपानमध्ये राहून! फोनवरून केलं तर पाच मिनिटं. दिवे लावायच्या आधी आठवण येईल, बटण दाबा, संपलं. नाव कुणाचंच दिसणार नाही — घेणाऱ्याला देणारा कळू नये, हे मला लहानपणापासून पाठ आहे.

स्टेशनवर विभाला सांगितलं. "छान आहे," म्हणाली. आणखी काही म्हणणार होती बहुतेक, पण तिची गाडी आली. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, त्यात पीएचडी करते. असू दे.

गुरुवार, २३ मे

पोटऱ्यांत गोळे. सकाळी कोंबिनी, दुपारी भाषाशाळा, मधल्या वेळात कोड. पण झालं.

मावशींना दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "सगळ्यांनी आत जायचं असतं रे." मी म्हटलं, मावशी, जग कुठे गेलं! त्यांनी फोन परत दिला. मला वाटलं, पटलं.

रविवार, २६ मे

परवा पाच मिनिटांत सगळ्यांचं दान झालं. प्रसन्नने पाठ थोपटली! किद्दुशच्या प्रार्थनेसाठी मनुकांचं सरबत तयार होतं, दिव्यांना अजून वेळ होता, आणि कुणालाच उठायचं कारण उरलं नव्हतं.

विभा उठली. आतल्या खोलीच्या दिशेने दोन पावलं टाकली. सगळे बघत होते — दुसरं बघायला काही नव्हतंच. प्रसन्नची बायको अस्मितावहिनी म्हणाली, "अगं, आता तिकडे कशाला? तुझ्या फोनमध्ये नाही का घेतलंस?"

विभा स्वयंपाकघराकडे वळली. पाणी हवं होतं म्हणाली. नळाचा आवाज आलाच नाही. तशीच परत येऊन बसली.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवार, २७ मे

मावशींकडे जाऊन आलो.

पेटीला कुलूप नाही. कधीच नव्हतं. भूकंपानंतर कितीजणांचं काम बंद पडलं, घरी कळवायची लाज, इथे मागायची त्याहून जास्त. तेव्हा मावशींनी ती आत नेऊन ठेवली. "कुणी टाकायचं, कुणी उचलायचं. सगळेच आत जातात, म्हणून कोण कशाला गेलं ते कळत नाही."

कोण उचलतं, विचारलं.

"मला माहीत नाही. माहीत होऊ नये म्हणून तर दार आहे."

वर्षभर आत जाऊन नाणं टाकून आलो, पेटीकडे नीट बघितलंही नाही. घेणाऱ्याला देणारा कळू नये म्हणे! आणि घेणाऱ्याचं काय?

विभाची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपली. तिनेच सांगितलं होतं. मी हं-हं करत तिच्या कपाळावरच्या केसांकडे बघत होतो. गाढव आहे मी.

गुरुवार, ३० मे

ॲप बंद केलं. ग्रुपवर टाकलं — सर्व्हर बिघडलाय, मला दुरुस्त करता येत नाहीये, उद्यापासून पूर्वीसारखं.

रविवार, २ जून

परवा प्रसन्न वाटच बघत होता. "कॉलेज अर्धं, ॲप अर्धं. साहेब, एखादी गोष्ट पूर्ण करायचा काही विचार?" सगळे हसले. विभासुद्धा थोडी हसली. तोंडापर्यंत आलेलं गिळलं. एक शब्द बोललो असतो तरी त्याने पुढचे दहा प्रश्न विचारले असते, आणि मग सगळ्यांना कळलं असतं कुणासाठी.

मग एकेकजण आत. प्रसन्न. वहिनी. मी. विभा गेली तेव्हा मी चटईकडे बघत राहिलो. दार लोटल्याचा आवाज आला. बाहेर आली. पुढचा उठला. कुणाचं लक्षही नव्हतं.

थकलोय. पण काहीतरी पूर्ण केलं. कुणाला सांगता यायचं नाही, एवढंच.

बुधवार, ५ जून

विभाचा मेसेज. सर्व्हर बिघडला नव्हता ना?

लिहिलं — बिघडला होता. शपथ. मला जमलं नाही.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "प्रसन्न एवढं बोलला आणि तू गप्प बसलास. तेव्हाच कळलं, तुला माहीत आहे. आता शुक्रवारी मी येणार नाही."