धाकटीला उमगलंय म्हणे

३ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.,

बाबांचा खोकला कमी झाला का? त्यांच्यासाठी मफलर पाठवतेय.

आता मनातलं. गेल्या रविवारी तू आमच्या वाचनमंडळात पाहुणी म्हणून आलीस, चार वाक्यं बोललीस आणि बायका अजून तुझंच कौतुक करताहेत. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरीची घडी घालताना हिच्यावर आता कोण निजेल असं मनात येतं, आणि त्या अनोळखी जिवासाठी हात आपोआप हळू होतो, असं म्हणालीस. पुढच्या बैठकीत माझ्याऐवजी तूच बोलावंस असं त्यांनी ठरवलंय! अकरा वर्षं मंडळ मी चालवते. करुणेवरचे भिंतभर ग्रंथ वाचले, चाळीस वह्या टिपणं काढली. तू वाचलंस एकच पुस्तक, तेही मी दिलेलं. बाबाही फोनवर म्हणाले, धाकटीला ते उमगलंय. मग मी काय नुसती पानं उलटत होते?

ते पुस्तक मला परत हवंय. संदर्भासाठी.

लोभ आहेच; सध्या जरा आंबलाय, इतकंच.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.,

मफलर पोचला. बाबा तो घालून आरशापुढून हलत नाहीत.

पुस्तक सोबत आहे. समासात पेन्सिलीनं काहीबाही लिहिलंय. खोडायला गेले तर कागद फाटू लागला, म्हणून राहू दिलं. मी बोलणार नाही, असं मंडळाला कळवलंय. जेवणाच्या सुट्टीत मला एक पान झेपतं, तेच दिवसभर घोळवते. यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.,

समास वाचले. पहिल्याच पानावर, ‘ताईचा हेवा वाटतो. ती भराभर वाचते, मी अडखळते.’ पुढे, ‘मुकादमबाई ओरडल्या. राग तासभर टिकला.’ मग, ‘आज अर्धा तास.’ आणि शेवटी, ‘हेवा अजून आहे. पण ताई मंडळात बोलत होती तेव्हा माझी मान ताठ झाली.’

खरं सांगू? याचाही आधी हेवाच वाटला. रडू नंतर आलं. माझ्या चाळीस वह्यांत पुस्तकंच पुस्तकं आहेत गं, मी कुठेच नाही.

पुस्तक परत पाठवतेय. तुझ्या ओळीखाली मीही लिहिलंय, ‘आज धाकटीचा हेवा वाटला.’ मंडळाला सांगितलंय, रविवारी तूच बोलणार. बाबांनाही घेऊन ये. मी पहिल्या रांगेत बसेन. माझं तोंड वाकडं दिसलं, तर त्यांच्याकडे बघून बोल.

तुझीच,
ताई