वाळूच्या रानातली रपेट

मिलिटरी हॉस्पिटल, खडकी
ता. ११ फेब्रुवारी १९४५

चि. बानूस,
शमशेरच्या अनेक दुआ. उ. वि.

तुझं पत्र पोचलं. अब्बांचा खोकला उतरला हे वाचून जिवाला बरं वाटलं. माझी जखम भरत आली आहे. डॉक्टर म्हणतात की, रमजान ईद झाली म्हणजे लाकडी पाय बसवून घरी सोडू. इटलीच्या डोंगरात सुरुंग फुटला तेव्हा मी ज्या खेचराची दोरी धरली होती ते जागीच गेलं, मी वाचलो. डावा पाय गुडघ्याच्या वरून काढला. हे सगळं तुला आधीच्या पत्रात लिहिलं आहे, पुन्हा लिहीत नाही.

एक काम सांगतो, रडारड न करता कर. मैनेला विकून टाका. मी यायच्या आत ती ठाणावरून गेलेली असली पाहिजे. चांगला धनी बघा, टांग्याला जुंपणारा नको. शिंगरू असल्यापासून मी तिला वाढवली, माझ्याशिवाय तिनं कुणाला पाठ दिली नाही. आता कुबड्या टेकीत तिच्यापुढे जाऊन उभं राहणं मला जमणार नाही. अब्बांना सलाम सांग. आठवण ठेवीत जा.

तुझा भाई,
शमशेर

*

काष्टी
ता. २ मार्च १९४५

ती. सरवरीआपाचे सेवेशी,
बानूचा सलाम, वि. वि.

आपा, सोबत भाईच्या पत्राची नक्कल पाठवते. मी ते अब्बांना वाचून दाखवलं. ते उठून मैनेच्या ठाणाकडे गेले आणि तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग मीच जाऊन सांगितलं की, घोडी विकायची नाही.

माझं म्हणणं असं आहे. एका पायाचा माणूस खोगिरावर बसू शकतो, अडचण घोडीची आहे. तिला डावीकडून चढणारा स्वार माहीत आहे, भाईला आता उजवीकडून चढावं लागेल. डाव्या टाचेचा इशारा तिला कळतो, तो इशाराच आता होणार नाही. म्हणजे घोडीला सगळं नव्यानं शिकवायला हवं. आणि भाई कसा बसेल हे कळल्याशिवाय शिकवणार काय? म्हणून मी डावा पाय गुडघ्यात दुमडून ओढणीनं घट्ट बांधला आणि अंगणातच चढून पाहिलं. मैनेनं एक उसळी मारली आणि मी फरशीवर. कोपर सोलवटलं, बाकी ठीक आहे.

अब्बा आधी रागावले. मग म्हणाले की, पडायचंच असेल तर वाळूवर पड. घोड नदीच्या अंगाला ते सरकारी रान आहे ना, जिथं घोट्यापर्यंत पाय रुततो, तिथं आम्ही तळ टाकणार आहोत. तिथला रखवालदार गहिनीनाथ अब्बांच्या ओळखीचा आहे, त्यानं साहेबाकडून गवत कापायचा आणि मुक्कामाचा परवाना आणून दिला.

भाईला यातलं अवाक्षर कळवू नकोस. त्याला मी लिहिलं आहे की, सध्या गिऱ्हाईक नाही. दुल्हाभाई गनीभाईंना सलाम. माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी धाकटी,
बानू

*

देवळाली प्रवरा
ता. १४ मार्च १९४५

चि. बानूस,
सरवरीच्या अनेक दुआ. उ. वि.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीवरची भाकरी करपली. लहानपणी बकऱ्यावर बसून मशिदीपर्यंत गेली होतीस तेव्हाच अब्बांनी तुझे कान उपटायला हवे होते. त्यांनी हसून गूळ दिला, त्याचीच ही फळं.

अगं, भाईचं दुःख मला नाही का? पण तू पाय मोडून घेतलास तर अब्बांनी दोन कुबडीवाले सांभाळायचे का? शिवाय राहुरीच्या मंडळींकडून तुझ्यासाठी विचारणा आली आहे. मुलगा शिंपीकामात हुशार आहे, घरची मशीन आहे. त्याची आई मला विचारीत होती की, मुलगी शांत आहे ना. मी हो म्हणून बसले! तू रानात, पालात, घोड्याच्या पाठीवर पाय बांधून, हे तिच्या कानी गेलं तर मी काय तोंड दाखवू?

हे मात्र म्हणतात की, तुझ्या बहिणीचं डोकं ठिकाणावर आहे. मेव्हण्यांना मेव्हण्या नेहमीच शहाण्या वाटतात. तू आपली घरी ये. अब्बांना ओव्याचा काढा देत जा.

तुझ्या काळजीत असलेली,
आपा

*

मु. सरकारी रान, काष्टीनजीक
ता. २० एप्रिल १९४५

ती. सरवरीआपाचे सेवेशी,
बानूचा सलाम, वि. वि.

आपा, हे पत्र हिवराच्या सावलीत मांडीवर पाटी ठेवून लिहिते आहे. अक्षरात वाळू आहे ती झटकून वाच.

आमचा तळ छान बसला आहे. पहिल्या दिवशी फजिती झाली. वाळूत मेखा ठरेनात. मैनेनं मान झटकली की मेख बाहेर. मग अब्बांनी खड्डा खणून त्यात फांद्यांची मोळी आडवी पुरली आणि तिला दोर बांधला. आता हत्तीनं ओढलं तरी निघायचं नाही. पाण्यासाठी नदीच्या पात्रात झिरा खणला आहे. पहाटे थंड पाणी मिळतं, आधी मैना पिते, मग आम्ही.

ऊन चढायच्या आत आणि उतरल्यावर अशी दोन वेळा मी बसते. किती पडले ते विचारू नकोस. डाव्या अंगाला तोल धरायला काहीच नसतं, घोडी वळली की आपण सरळच जातो. मैना भाईच्या कुबड्यांना भिईल असं वाटलं. म्हणून बाभळीच्या दोन काठ्या काखेत धरून मी तिच्याभोवती लंगडत फिरायची, तिला तोबऱ्यातले हरभरे द्यायची, पुन्हा फिरायची. आता काठ्यांचा आवाज आला की ती कान पुढे करते. डाव्या टाचेऐवजी निरगुडीच्या छडीचा हलका स्पर्श तिला शिकवला. उजवीकडून चढू द्यायला मात्र तिनं मला रडवलं. एकदा मी खरंच वाळूत बसून रडले. गहिनीनाथ गस्तीवरून येत होता. तो म्हणाला की, बानूबाई, रडून घ्या, पन घोडीला दिसू देऊ नगा, तिला वाटंल आपन जिकलो. मी डोळे पुसून पुन्हा चढले.

परवाची गोष्ट ऐक. आम्ही रानाच्या आत, दाट बोरींच्या पलीकडे गेलो होतो. एकदम काळविटांचा कळप उठला आणि मैना उधळली. माझा पाय बांधलेला. अब्बा मागून ओरडत होते की, लगाम सोडून दे, वाळूवर उडी टाक. मी उडी टाकली नाही. मनात आलं, भाई असता तर त्याला उडी टाकून पुन्हा उठता आलं असतं का? मी आयाळ धरली, अंग उजवीकडे टाकलं आणि तिच्याशी बोलत राहिले. नदीच्या काठाशी ती थांबली. आम्ही दोघी धापा टाकीत होतो. अब्बा पळत आले. त्यांनी माझ्या डोक्यावरची ओढणी नीट केली आणि म्हणाले की, माझ्या बापाला दाखवायला हवी होती ही रपेट.

राहुरीच्या मंडळींना काय सांगायचं ते तू ठरव. खोटं मात्र सांगू नकोस. मी पाठीवर निजू शकत नाही इतकं अंग दुखतं, पण झोप छान लागते. जवळ असतीस तर तेल चोळून घेतलं असतं. दूर आहेस तरी जवळचीच राहा.

तुझी,
बानू

*

देवळाली प्रवरा
ता. ९ मे १९४५

चि. बानूस,
आपाच्या खूप खूप दुआ. उ. वि.

राहुरीचं फिसकटलं. तुला वाईट वाटेल की नाही कोण जाणे, मला वाटलं नाही. झालं असं की, काष्टीच्या बाजारातून कुणीतरी त्यांच्या घरी वार्ता नेली. मुलाची आई माझ्याकडे येऊन म्हणाली की, तुमची बहीण मर्दासारखी रानात घोडी फिरवते असं ऐकलं, ते खोटंच असेल. तिनं मला निसटायला वाट करून दिली होती बघ. मी पानाचा डबा पुढे केला आणि सांगितलं की, खरं आहे, आणि एका पायानं फिरवते. तिचा हात डब्यावरच राहिला. मग मी भाईचं सगळं सांगितलं. शेवटी असंही म्हणाले की, तुमच्या मुलावर असा प्रसंग आला तर त्याला अशी बायको मिळो, पण ती आता आमची बानू नसेल.

ती गेल्यावर हे हसत सुटले. मला मात्र रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. सोबत तिळाचं तेल पाठवते. रोज चोळ. पडलीस तर डोकं वर धरून पड.

तुझीच,
आपा

*

काष्टी
ता. २५ नोव्हेंबर १९४५

ती. सरवरीआपाचे सेवेशी,
शमशेरचा सलाम, वि. वि.

आपा, घरी आल्यापासून तुला मी एक ओळही लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. ईदनंतर आलो तो भिंतीकडे तोंड करून पडलो. मैना ठाणावर होती हे फाटकातच कळलं, तिनं मला वासानं ओळखून हाक दिली. मी आत गेलो आणि बानूशी बोलणं टाकलं. तिनं माझा शब्द मोडला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लाकडी पाय खुंटीला टांगून ठेवला होता.

बकरी ईदच्या आधी अब्बा म्हणाले की, सरकारी रानात गवत कापायला जायचं आहे, गाडीत नुसता बसून चल, घरात एकटा राहू नकोस. मी गेलो. हिवराखाली गाडी सोडली. बानू मैनेला घेऊन आली, माझ्यासमोर बसून तिनं डावा पाय दुमडला आणि ओढणीनं बांधला. आपा, मला वाटलं ती माझी नक्कल करते. मी तिला नको ते बोललो. अब्बांनी मला कधी दरडावलं नाही, त्या दिवशी दरडावलं. म्हणाले की, तोंड बंद कर आणि डोळे उघड.

बानू उजवीकडून चढली. मैना पुतळ्यासारखी उभी. मग त्या दोघी वाळूतून गेल्या, आधी चालत, मग दुडक्या चालीनं, मग भरधाव. बोरींना वळसा घालून नदीपर्यंत आणि परत. परत येताना वळणावर बानू पडली. मी उठायला गेलो आणि माझ्याच लक्षात आलं की, मी कुबड्यांशिवाय उठायला गेलो होतो. ती वाळू झटकून उठली, एका पायावर उड्या मारीत मैनेपाशी गेली आणि पुन्हा चढली. माझ्यापुढे येऊन म्हणाली की, भाई, एवढंच मला येतं, पुढचं तुला येतं.

मी कुबड्या घेऊन गेलो. मैनेनं कुबड्या हुंगल्या आणि माझ्या छातीवर डोकं ठेवलं. तेव्हा जे झालं ते लिहीत नाही.

पहिल्या दिवशी मी तीनदा पडलो. वाळू मऊ आहे, खरं आहे. दुसऱ्या दिवशी पडलो नाही. मग मी आणि बानू रानातून रपेटीला निघालो, मी मैनेवर, ती अब्बांच्या तट्टावर, अब्बा गाडीनं मागून. जिथं घोड भीमेला मिळते तिथं तळ टाकला. मी स्वतः खड्डा खणून दोर पुरला. संध्याकाळी बानूनं भाकऱ्या थापल्या, मी खरारा केला. पलटणीत आम्ही कितीतरी मुक्काम केले, पण सकाळी उठून पुढे जावंसं वाटलं असा हा पहिला. गहिनीनाथ वाटेत भेटला, त्यानं टोपी काढली. मी म्हटलं की, मला कशाला, माझ्या बहिणीला सलाम कर. तो म्हणाला की, तिलाच केला, तुमी मधी आला.

काल बाजाराला मैनेवरूनच गेलो. काकासाहेब म्हणून श्रीगोंद्याकडचे एक बागाईतदार आहेत, त्यांनी घोडी बघितली, मला बघितलं, आणि विचारलं की, हिला असं कुणी तयार केलं, माझं एक शिंगरू कुणाला जवळ येऊ देत नाही, त्याला त्या माणसाकडे पाठवायचं आहे. मी म्हटलं की, ती माझी बहीण. मला वाटलं, आता जातील. पण त्यांनी आमच्या घरची वाट विचारून घेतली. आज सकाळी शिंगरू आलं आहे, बानू त्याच्यापाशीच बसली आहे आणि ते तिच्या हातावरचा कडबा खातं आहे.

शिंगरू घेऊन आलेल्या गड्यानं दारात मला विचारलं की, बानूबाईचं घर हेच का, आणि तुमी कोन. सैन्यात मला नाव होतं, नंबर होता, हॉस्पिटलात खाट होती. मी त्याला जे सांगितलं तेच खाली लिहितो. घरच्या सर्वांना सलाम. येणं कर, माया आहेच.

बानूचा भाऊ,
शमशेर