इचारलं तं ताप सांग

आबा, काल मिक्सर चालू असताना माझ्या पोरीचा सूर तुटला. ती मिक्सरसोबत गुणगुणते, जशी ताई असोद्याला तुमच्या पिठाच्या गिरणीसोबत गुणगुणायची. ताईला बोलता यायचं नाही, पण पट्टा सैल झाला की तिचा सूर आधी उतरायचा, आणि तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "माही पोर गिरणीची डॉक्टर." अजून दिसतं. दळणाचे डबे रांगेत आहेत, ताई खांबाला टेकून उभी आहे आणि मध्येच गप्प होते, दोन श्वासांपुरती. डोळे उघडे, पापण्या फडफडताहेत. मी तिला हलवते. तुम्ही ओरडता, "हात नको लावू. दम घेऊ राह्यली ती. तुले काय समजते?" ते गप्प होणं वाढत गेलं. मग एकदा ती सांडलेल्या पिठात पडली, ताठ झाली, तोंडाला फेस आला. कुणीतरी चप्पल हुंगवली. तिसऱ्यांदा पडली ती उठली नाही. पुढे मला बघायला धुळ्याची माणसं आली, तेव्हा तुम्ही चुलीपाशी येऊन हळूच म्हणालात, "ताईचं इचारलं तं ताप सांग." मी ताप सांगितलं.

पोर आता बारा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे हे कळल्यापासून घरात सगळ्याला तेच एक उत्तर असतं. जेवत नाही, झोपत नाही, कानावर मारून घेते, सासूबाई म्हणतात, "तिनं बठ्ठं तसंच शे," तिचं सगळं तसंच आहे. कानात पू झाला होता. ते महिन्यानं कळलं.

काल तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "ऑटिझम आहे म्हणून सगळं त्याचंच नसतं. अशा मुलांना फिट्सही येऊ शकतात. हे कधीपासून होतंय?" "आजच पाहिलं," मी म्हणाले. दिवाळीपासून ऐकते आहे. "घरात कुणाला फिट्स होत्या?" सासूबाई शेजारच्या खुर्चीत होत्या. मी नाही म्हणाले. त्यांनी तसं लिहून घेतलं.

उद्या मेंदूची तपासणी आहे. सासूबाई येणारच आहेत. हा कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवीन; जड म्हणून त्या तो डबा हलवत नाहीत. पोर आत फ्रिजसोबत गुणगुणते आहे. आत्ता थांबली. पुन्हा सुरू झाली. डॉक्टरांना सांगायचं वाक्य सकाळपासून पाठ करते आहे. "माझ्या बहिणीला", इथपर्यंत नीट जमतं. पुढे दर वेळी तोंडात ताप येतो.