माळ्याच्या घरी विकतची भाजी

केनवड,
कार्तिक वद्य तृतीया, शके १८६८ (सन १९४६)

ती. उकंडभाऊस धाकट्या गिरजाचा नमस्कार. मनकर्णावहिनीलाही सांग. इकडे सगळे चालते-फिरते आहेत, आसेगावालाही तसेच असतील असं धरून चालते.

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण माझंच आहे. एरवी मी सांगते आणि रामकिसन लिहितो. लिहिताना तो माझं बोलणं जरा नीटनेटकं करून टाकतो. हे पत्र मला नीटनेटकं नको आहे. गोजराबाई उद्या भाजी विकायला रिसोडच्या बाजाराला जाईल, तीच टपालात टाकणार आहे. तिला वाचता येत नाही, हे बरं.

तूर फुलावर आली आहे. कपिला व्याली, गोऱ्हा झाला. दिवाळी झाली म्हणायची. रंगूनं, म्हणजे सूनबाईनं, अंघोळीच्या आधी पाठीला तेल लावते म्हणून हट्ट धरला होता. मी लावू दिलं नाही. माझं मीच लावून घेतलं.

आता खरं लिहिते. बाबांनी लग्नात माझ्या नावानं घेऊन दिलेला मळा मी दसऱ्याआधी रामकिसनला बक्षीस लिहून दिला. तुला विचारलं नाही, रागावू नको. घाईच तशी झाली. रिसोडला हिरालाल म्हणून अर्जनवीस आहे, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. त्यानं रामकिसनला सांगितलं, "दिल्लीत नवा कायदा येऊन राह्यला गा. माणूस मेलं का त्याच्या जमिनीवर कर. तुही माय गेली, का मळ्याचा तुकडा सरकारात गेलाच समज." उपाय एकच, मायनं जिवंतपणी लेकाला देऊन टाकायचं. त्यालाही दोन अटी. दिल्यावर मायनं दोन वर्षं जगलं पाहिजे, नाही तर ते दिलेलं धरत नाहीत. आणि देणं पुरं पाहिजे. त्या जमिनीचं पानसुद्धा तिनं पुन्हा खायचं नाही, खाल्लं तर बक्षीस खोटं.

वाशीमच्या कचेरीत साहेबानं विचारलं, "राजीखुशीनं देता का, बाई?" मी म्हटलं, "लेकाले देतो साहेब, त्यात कायची नाखुशी?" कारकुनानं अंगठ्यासाठी शाई पुढं केली होती. मी सही केली. तेव्हा मला छान वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण तेव्हापासून आमच्या घराचं काही तरी झालं आहे.

रामकिसननं हिरालालचा शब्द पोथीसारखा धरला. मी मळ्यात जायचं नाही. माझ्या ताटात तिथली मिरचीसुद्धा नाही. बाकीची माणसं घरची वांगी खातात, आणि माझ्यासाठी रंगू दर बाजारी गोजराबाईकडून भाजी विकत आणते. माळ्याच्या घरी विकतची भाजी, भाऊ! गोजराबाई सोडते होय? भर बाजारात म्हणाली, "काय वो रंगूबाई, तुमच्या मळ्याले कीड लागली का सासूले?" रंगू रडत घरी आली. वाईट नाही ती. हातावर घेतलेला हिरवा सांबार धुऊन, पानं खुडून माझ्या वरणावर घालायला गेली आणि एकदम थबकली, हा कुठला, घरचा की विकतचा? घरचा होता. तिनं तो गाईपुढं टाकला.

ऊन लागेल म्हणून मला ओट्यावर बसू देत नाहीत. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध. आधी मला वाटलं, म्हातारपणी बरे लाड चालले आहेत. मग एक दिवस शेंगदाण्याचं फोल घशात अडकून मला ठसका लागला. रामकिसन जेवता-जेवता धावत आला. पाठ चोळली, पाणी पाजलं. "माय, बरं वाटते ना? माय?" असं कितीदा तरी. त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती कशाची भीती आहे हे मला ओळखू येईना. माझ्या पोटच्या पोराचे डोळे, भाऊ. लहानपणी ते तापानं लाल झाले की मी अंगाला हात न लावता ताप ओळखायची.

त्यालाही ओळखू येत नसावं. तो माझ्याकडे फार वेळ बघत नाही आता.

दूध पिताना मला घाम फुटतो. कुणी नुसतं "झोप लागली का" विचारलं तरी छाती धडधडते. मी नीट चालते, जिना चढताना धाप लपवते, जेवण नको असलं तरी जेवते. घरात सगळे माझ्यावर जीव टाकतात आणि मी चोरासारखी राहते.

परवा राहवलं नाही. हे गेले ते मळ्यातच, विहिरीवर मोट चालू असताना. त्या जागी मी रोज जाऊन उभी राहायची, हे तुला ठाऊक आहे. रंगू दळायला बसली होती. मी गेले. वाफ्यातला मुळा उपटला, पदराला पुसला आणि खाल्ला. तिखट होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानंच आलं असं म्हणू.

तेवढ्यात रामकिसन आला. "माय! काय करून राह्यली तू?"

"मुळा खाऊन राह्यलो."

"कोणी पाह्यलं म्हंजे?"

"कोण पाह्यते? गोरा साहेब लपला का मिरच्यात?"

त्याला हसू आलं. बापासारखा हसतो. मग हसू गेलं. मला वाटलं, हातातून मुळा घेईल. त्यानं घेतला नाही. वळला, मळ्याच्या कडेला धुऱ्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. कुणी येतं का ते बघत. "खा," म्हणाला, "पटकन खा माय."

त्याची पाठ माझ्याकडे होती. तोंडाकडे बघून सांगता येत नव्हतं ते पाठीला सांगून टाकावं म्हटलं. तोंड उघडलं, आणि मुळाच चावला.

जे त्याला सांगितलं नाही ते तुला लिहिते. माझ्या डाव्या काखेखाली गाठ आहे. सही करून आल्यावर लागली हाताला. तेलाच्या दिवशी रंगूला म्हणून दूर ठेवलं. दुखत नाही. आपल्या मायचीही दुखत नव्हती. माय त्यानंतर किती दिवस होती, ते तू विसरला नसशील. मी मोजत नाही, तूही मोजू नको.

मरणाची भीती मला हे गेल्यापासून उरली नव्हती. आता जी वाटते ती निराळीच. मी जाईन तेव्हा माझं पोर माझ्यासाठी मोकळं रडू शकेल का, याची वाटते.

म्हणून तुझ्याकडे काम आहे. वाशीमला एखाद्या जाणत्या वकिलाला विचार. असा कायदा झाला आहे का, की होणार म्हणून नुसती हूल आहे? झाला तर आमच्या तीन एकरांना लागतो का? आमचं सगळं घर हिरालालच्या एका शब्दावर चाललं आहे, आणि हिरालालनं तो शब्द कुठून आणला हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

वकील म्हणाला की आम्हाला काही लागत नाही, तर इथं ये. रामकिसनला जवळ बसव आणि आधी कराचं सांग. ते त्याच्या मनात उतरू दे. त्याला एक दिवस दे. मग गाठीचं सांग. क्रम चुकवू नको, भाऊ. गाठीचं आधी कळलं तर तो घाबरेल, आणि ते घाबरणं मायसाठी होतं की मळ्यासाठी, हे त्याचं त्यालाही जन्मभर कळायचं नाही.

कर लागतो म्हणाला, तर कुणालाच काही सांगू नको. बैलगाडी घेऊन ये, बहिणीला चार दिवस माहेरी नेतो म्हण. रामकिसन नाही म्हणेल, प्रवास झेपायचा नाही म्हणेल. तरी ने. तुझ्या घरची भाजी मी खाल्ली तर कुणाचं काही बुडत नाही, आणि तिथं कुणी माझा श्वास ऐकत बसणार नाही.

उत्तर लिहू नको. पत्र आलं की रामकिसनच आधी वाचतो. तू स्वतःच ये.

तुझी, अजून असलेली,
गिरजा